सर, हिरवाच ना?

ईद जवळ आली की आमच्याकडे साफसफाई निघते. माळ्यावरचे डबे उतरतात, पडदे धुण्यात जातात, गाद्या उन्हात पडतात आणि पाच-सहा वर्षांतून एकदा भिंतींचाही नंबर लागतो. यंदा तो लागला. कसाऱ्यात रंगकाम करणाऱ्या एका तरुणाला निरोप धाडला. पाड्यावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मीच त्याला चौथीपर्यंत शिकवलं आहे. तो आला, पायरीशी चपला काढल्या, नखाने भिंतीचा एक पापुद्रा उचलून आतला थर पाहिला, पिशवीतून शेडकार्ड काढलं आणि ते न उघडताच म्हणाला, “सर, हिरवाच ना?”

त्यात खोच नव्हती. मुसलमानाचं घर, रमजानचा महिना, तोंडावर आलेली ईद; बिचाऱ्याने आमची आवड परस्पर ओळखून वेळ वाचवला. मी काही बोलायच्या आत आतल्या खोलीतून माझ्या मुलाचा आवाज आला, “अब्बा, कुठलाही द्या. हिरवा नको.”

दोघांनीही कार्ड उघडलं नव्हतं. एकाने आमच्यासाठी हिरवा ठरवला, दुसऱ्याने तो रद्द केला, आणि भिंतीशी दोघांनाही देणंघेणं नव्हतं. मी नंतर ते कार्ड चाळलं. पिस्ता, पोपटी, मेंदी, शेवाळी, कच्च्या कैरीच्या सालीसारखा एक, पाण्यात भिजलेल्या मुगासारखा एक. दोन पानं भरून हिरवे होते. त्यातल्या एकाकडेही कोणी पाहिलं नाही.

मुलाचं कारण मला ठाऊक आहे. तो ठाण्याला नोकरी करतो. दोन वर्षांपूर्वी भाड्याचं घर शोधत होता. एका ठिकाणी फोनवर सगळं ठरलं, डिपॉझिटचा आकडासुद्धा ठरला, आणि नाव सांगितल्यावर घर ‘कालच गेलं’ असं कळलं. असं तीनदा झालं. चौथ्या ठिकाणी घर मिळालं, मालक भला माणूस निघाला. पण तेव्हापासून मुलाला एक सवय लागली. तो दारावर आयत लावत नाही, हिरवा पडदा विकत घेत नाही, दिवाणखान्यातली जानमाज नमाज झाली की घडी करून कपाटात ठेवतो. ‘उगाच कशाला?’ हा त्याचा शब्द. मी त्याला भित्रा म्हणू शकत नाही. त्या शहरात घर मी शोधलं नव्हतं, त्याने शोधलं होतं.

पण त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट ऐकली आणि मी जास्त अस्वस्थ झालो. आमच्या शेजारच्या वहिनींकडेही पाडव्याच्या आधी रंग काढायचं चाललं होतं. त्या ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी विचारलं, काय ठरलं? तर म्हणाल्या, “भाऊजी, मला स्वयंपाकघराला पिस्ता द्यायचा होता हो. डोळ्यांना बरा वाटतो. पण धाकटा म्हणाला, आई, तो आपल्यात नको, लोक काय म्हणतील? मग पीच सांगितला.” बोलताना त्यांच्या हातातला चुडा सुपावर वाजत होता. काचेचा, हिरवागार.

एका गल्लीतली दोन घरं. एका घरात हिरवा नको, कारण तो आपला आहे हे दिसेल. दुसऱ्या घरात नको, कारण तो त्यांचा आहे. पन्नास वर्षांपूर्वी कसाऱ्यात कुणी स्वयंपाकघराचा रंग अशा हिशेबाने निवडला असेल असं मला वाटत नाही. तेव्हा चुन्यात रंगाची पुडी पडायची, आणि दुकानात कोणती पुडी शिल्लक आहे त्यावर घराचा रंग ठरायचा.

‘हिरवा हा इस्लामचा रंग’ हे वाक्य दुसऱ्यांनी म्हटलं तर आपण मान डोलावतो, आणि आपल्यातलेही ते अभिमानाने म्हणतात. रमजानच्या निमित्ताने ते जरा तपासून पाहू.

पवित्र कुरआनात हिरवा येतो, आणि वाचताना अंगाला गारवा लागावा असा येतो. जन्नतमध्ये राहणाऱ्यांच्या अंगावर हिरवी रेशमी वस्त्रं असतील, हे वर्णन सूरह कहफमध्ये आहे, सूरह दहरमध्येही आहे. सूरह रहमानमध्ये दोन बागा इतक्या गर्द हिरव्या आहेत की काळसर वाटाव्यात, आणि टेकून बसायला हिरवी आसनं आहेत. (घरसजावटीतला हिरवा शोधणाऱ्यांनी हा उल्लेख जरूर लक्षात ठेवावा.) सूरह यूसुफमध्ये राजाला स्वप्न पडतं, त्यात सात कणसं हिरवी आहेत आणि बाकीची वाळलेली, पुढे त्याचा अर्थ सुकाळ आणि दुष्काळ असा लागतो. सूरह हजमध्ये आभाळातून पाणी उतरतं आणि जमीन हिरवी होते. या सगळ्या जागा शेजारी शेजारी ठेवून पाहा. हिरव्याच्या मागे प्रत्येक वेळी पाणी उभं आहे. कोणत्या जमातीचं निशाण म्हणून तो एकदाही आलेला नाही.

सूरह बकरामध्ये ‘अल्लाहचा रंग’ असा शब्द आहे. तो रंग कोणता, हे तिथे सांगितलेलं नाही. तो डब्यात मिळणारा नव्हेच. माणसाच्या वागण्याला चढणारा तो रंग आहे, असाच अर्थ जाणकार सांगत आले.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हिरवी वस्त्रं परिधान केल्याचं हदीसमध्ये आहे. पण कपड्यांच्या बाबतीत त्यांनी शिफारस केली ती पांढऱ्याची. काबागृहावरचं आजचं आच्छादन काळं आहे. आपल्या निम्म्या घरांत कॅलेंडरवर दिसणारा मदिनेचा हिरवा घुमट घ्या. प्रेषितांच्या कबरीवर पहिला घुमट उभा राहिला 1279 साली, मामलुक सुलतान कलाऊनच्या काळात. त्यानंतर तो पुन्हा बांधावाही लागला. त्यावर हिरवा रंग चढला तो 1837 च्या सुमारास, उस्मानी सुलतान दुसरा महमूद याच्या राजवटीत. मधली साडेपाचशे वर्षं दुनियेभरातून माणसं तिथे जातच होती, आणि हिरव्यावाचून कोणाचं काही अडत नव्हतं. त्या घुमटाची मुहब्बत माझ्याही मनात आहे. फक्त तिचं वय मला माहीत आहे, इतकंच.

मग हिरव्याबद्दल मुसलमानांना इतकी ओढ का? याचं उत्तर आम्हा कसारेकरांना अरबस्तानात जाऊन शोधावं लागत नाही.

आमचा घाट वर्षातले चार-पाच महिने हिरवा असतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कातळावर पोपटी बुरा चढतो, जुलैत डोंगर आणि धुकं वेगळं करता येत नाही, विहीगावच्या धबधब्याला मुंबईची पोरं गर्दी करतात, फोटो काढतात आणि संध्याकाळच्या लोकलने परत जातात. त्यांच्या आठवणीतला कसारा कायमचा हिरवा राहतो. आमचा राहत नाही. दिवाळीपर्यंत गवत पिवळं पडतं, माघात डोंगर मातकट होतात, आणि फाल्गुनात त्या मातकटावर पळस पेटलेला असतो. चांद्र वर्षामुळे रमजान सगळ्या ऋतूंतून फिरत जातो आणि साधारण तेहतीस वर्षांनी पुन्हा त्याच जागी येतो. 2013 साली तो ऐन जुलैत आला होता. त्या वर्षी इफ्तारच्या वेळी खिडकीबाहेर पाऊस पडत असे, ओल्या हिरव्या वासात खजूर तोंडात जाई. यंदा तो फाल्गुनात आहे. खिडकीबाहेर धूळ आहे.

आणि पाणी? शहापूर तालुक्याला पाण्याबद्दल कोणी शिकवू नये. तानसाचं धरण 1892 चं. त्यानंतर वैतरणेवर धरणं झाली, भातसा झालं. मुंबई आज जे पाणी पिते, त्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातशाचं. मुंबईकडे जाणाऱ्या मोठ्या जलवाहिन्या आमच्या तालुक्यातून जातात, आणि मार्च लागला की त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर बायाबापड्या टँकरची वाट बघत हंडे घेऊन रांगेत उभ्या राहतात. विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरणाऱ्या मुली माझ्या वर्गात होत्या. सकाळची हजेरी घेताना कोण पाण्याला गेलंय ते मला विचारावं लागत नसे. हिरवा म्हणजे काय, हे त्या मुलींना विचारा. त्यांना सूरह हजचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

हजरत खिज्र यांची गोष्ट आपल्याकडे आजीच्या तोंडून पोचते. खिज्र म्हणजेच हिरवा. ते उजाड पांढऱ्या जमिनीवर बसले आणि त्यांच्या मागची जमीन हिरवी होऊन डोलू लागली, म्हणून हे नाव पडलं, असं हदीसमध्ये आहे. माझी आजी ही गोष्ट नेमकी एप्रिल-मेमध्ये सांगायची. पावसाळ्यात तिने ती कधी सांगितल्याचं आठवत नाही.

रंगांचे अर्थ माणसं लावतात आणि माणसंच बदलतात. याचं एक उदाहरण आमच्या घरातच होतं. अब्बा रेल्वेत होते. कसारा म्हणजे घाटाचा पायथा. इथे गाड्यांना मागून बँकर इंजिनं लागतात आणि 37 फुटांना एक फूट अशा चढावर गाडी इगतपुरीकडे ढकलली जाते. अब्बांची हातबत्ती आमच्या खुंटीला टांगलेली असे, एका बाजूला लाल काच, एका बाजूला हिरवी. लहानपणी मी तिची हिरवी काच डोळ्याला लावून घर बघत असे. हिरवं म्हणजे ‘जा’, हे मी अलिफ-बे आणि ग-म-भ-न यांच्याही आधी शिकलो. पुढे वाचनात आलं की रेल्वेच्या अगदी सुरुवातीच्या काळात इंग्लंडात हिरवा दिवा म्हणजे ‘जपून’ असे, आणि रस्ता मोकळा असल्याची खूण होती पांढरा दिवा. पांढरा दिवा दुसऱ्या कुठल्याही उजेडात मिसळून जाई, घोटाळे होत, म्हणून पुढे अर्थ बदलले. अब्बांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसून म्हणाले, “तरी बरं, मी उशिरा नोकरीला लागलो.”

तिरंग्याचंही तसंच. 1921 साली पिंगली वेंकय्यांनी गांधीजींना झेंडा दाखवला तेव्हा लाल पट्टा हिंदूंचा आणि हिरवा मुसलमानांचा असा हिशेब होता. इतरांसाठी पांढरा नंतर जोडला गेला. दहा वर्षांत लोकांच्या लक्षात आलं की असे पट्टे वाटत बसलो तर कापड पुरणार नाही. 1931 साली काँग्रेसने नवा झेंडा स्वीकारताना स्पष्टच सांगितलं, की या रंगांना जातीय अर्थ नाही. 22 जुलै 1947 ला संविधान सभेने तिरंगा स्वीकारला, त्या वेळी डॉ. राधाकृष्णन यांनी हिरव्याचा संबंध जोडला तो मातीशी आणि त्या मातीत वाढणाऱ्या वनस्पतींशी, ज्यांच्यावर बाकी सगळ्यांचं जगणं उभं आहे. म्हणजे 1921 चा अर्थ देशाने विचारपूर्वक मागे टाकला होता. आमच्या गल्लीने तो परत उचलून आणला आहे.

आणि मराठी घराने हिरवा सोडायचा म्हटला तर उरेल काय? नवरीचा चुडा हिरवा, डोहाळजेवणाची साडी हिरवी, ओटीचा खण बहुतेक वेळा हिरवा. आमच्याकडेही सातव्या महिन्यात हिरव्याच बांगड्या भरतात. फिरोजाबादची काच, मणियाराची टोपली आणि मराठी नवरीचं मनगट, ही साखळी किती पिढ्यांची आहे! कित्येक गावांत हिंदू नवरीच्या हातात सौभाग्याचा चुडा भरणारे हात मुसलमान मणियाराचे किंवा मणियारणीचे असतात. बांगडी चढताना नवरी कळवळते, तेव्हा ‘झालं हं बाळ’ म्हणून पाठीवर हात फिरवणारीही तीच. साडीच्या दुकानात जाऊन बघा. निळ्याकडे झुकणाऱ्या एका हिरव्या छटेला आपल्याकडे सरळ ‘रामा’ म्हणतात. आमच्या घरातल्या बायका ईदला रामा रंगाची साडी हक्काने मागतात, आणि दुकानदार काढून देतो. नवरात्रात वर्तमानपत्रं नऊ दिवसांचे नऊ रंग छापतात. हिरव्याच्या दिवशी पहाटेच्या कसारा लोकलचा बायकांचा डबा पाहावा. जुलैतला घाट उतरून डब्यात येऊन बसल्यासारखा दिसतो. त्या दिवशी तो रंग कोणाचा असतो?

हे लिहिताना आपल्या बाजूची चूकही लिहिली पाहिजे, नाहीतर रोजा ठेवून खोटं बोलल्यासारखं होईल. हिरव्याला निशाण करायला दुसरेच कारणीभूत आहेत असं नाही. आपल्यातल्या काही उत्साही पोरांनी विजेचे खांब हिरवे करायचे, गल्लीच्या तोंडाशी हिरव्या पताका वर्षभर फाटेपर्यंत लटकत ठेवायच्या, दुसऱ्यांनी त्याला उत्तर म्हणून पुढच्या खांबाला आपला रंग द्यायचा, हा खेळ आपण अनेक गावांत पाहिला आहे. कुत्रं खांबाशी जाऊन हद्द आखतं. आपण ब्रश घेऊन जातो. जन्नतच्या वस्त्रांचा रंग आपण गटाराच्या कडेला फासला, आणि तो पाहून शेजारणीने स्वयंपाकघराचा पिस्ता रद्द केला, तर त्यातला थोडा दोष माझ्या दारापर्यंत येतो.

आता भिंतीकडे वळू, कारण रंगारी थांबला आहे.

माझ्या मते घरात हिरवा द्यावा. पण तो हिरवा आहे म्हणून नाही, खोलीला शोभतो म्हणून. आमच्याकडे यातलं जाणणारी व्यक्ती माझी बायको आहे. तिने पहिला प्रश्न विचारला, “ट्यूबलाइटखाली ताटातलं जेवण कसं दिसेल ते आधी बघा.” तिचा मुद्दा बिनतोड होता. उन्हाळ्यात आपण सगळे अंगणावर हिरवी जाळी बांधतो. तिच्याखाली बसून इफ्तार करा, कलिंगड काळपट दिसतं आणि माणसांचे चेहरे कावीळ झाल्यासारखे. गडद हिरवा भिंतीवर दिला तर तो खोलीतला उजेड पिऊन टाकतो. लहान खोलीत, जिथे एकच खिडकी आणि वर एखादं काचेचं कौल, तिथे तो विहिरीत बसल्यासारखं करतो. फिका द्यावा, एका भिंतीला द्यावा, खिडकीच्या समोरच्या भिंतीला द्यावा, म्हणजे उजेड त्याच्यावर पडून परत खोलीत येतो. बाकीच्या तीन भिंती पांढरट ठेवाव्यात. शेडकार्डावर बोटाएवढा दिसणारा रंग भिंतभर पसरला की दोन पायऱ्या गडद वाटतो, हे सगळे रंगारी सांगतात आणि कोणी ऐकत नाही.

जुना हिरवा खरवडताना मात्र जपा. रंगाच्या इतिहासात हिरव्याइतका विश्वासघातकी दुसरा नाही. 1775 साली स्वीडनच्या कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने तांबं आणि सोमल यांपासून एक झळझळीत हिरवा तयार केला. पुढच्या शतकात युरोपभर श्रीमंतांच्या घरांतल्या भिंतींवरच्या कागदांत तो आणि त्याच्यासारखे दुसरे रंग वापरले गेले. ओलसर भिंतीवर बुरशी धरली की त्या कागदातून विषारी वायू सुटे. माणसं स्वतःच्या सुंदर खोल्यांत आजारी पडत. आपल्याकडे प्रश्न शिशाचा. जुन्या झळाळीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या रंगांत शिसं असे. 2017 च्या नोव्हेंबरपासून घरगुती रंगात शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या वर नको असा नियम देशात लागू आहे. डब्यावर तसं छापलेलं असतं, ते वाचून घ्यावं. दरवाजा-खिडक्यांचा जुना रंग कोरड्या पॉलिशपेपरने घासू नये, पाणी मारून घासावा, आणि त्या दिवशी लहान मुलांना शेजारी पाठवावं. ईदच्या घाईत आपण हेच विसरतो.

हिरव्याने डोळे निवतात हे आपले लोक अनुभवाने सांगत. त्याला शास्त्राचा आधारही थोडाफार आहे. 1914 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या हॅरी शर्मन या सर्जनने शस्त्रक्रियेची खोली पांढऱ्याऐवजी पालकासारखी हिरवी करून घेतली. रक्ताच्या लालाकडे सतत पाहून डोळे थकतात आणि पांढऱ्या भिंतीची तिरीप त्रास देते, हे त्यामागचं कारण. तेव्हापासून हा रंग जगभरच्या रुग्णालयांत शिरला. पण त्याहून मोलाची वाटते ती 1984 सालची रॉजर उलरिच यांची पाहणी. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे थोडे लवकर घरी गेले, आणि त्यांना वेदना शमवणारी तीव्र औषधंही कमी लागली. हिरव्या रंगाच्या डब्याने हे केलं असतं की नाही, ते त्या पाहणीत नाही. झाडाने केलं, ते आहे.

म्हणून मला त्या प्लॅस्टिकच्या हिरवळीचा राग येतो. हायवेच्या कडेने शहापूरपासून वर येताना पाट्या बघा. हिरवाईच्या कुशीत घर, निसर्गाच्या सान्निध्यात प्लॉट. खाली हिरव्यागार डोंगराचं जुलैतलं चित्र, आणि पाटीच्या मागे मार्चमधला खरा डोंगर, करपलेला. नमुन्याच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीत प्लॅस्टिकचं गवत, भिंतीला प्लॅस्टिकच्या वेली. त्यांच्यावर धूळ बसते, ती झटकायला बाई ठेवावी लागते. इथले वारली, ठाकूर, कातकरी पिढ्यान्‌पिढ्या या जंगलात राहिले. त्यांच्या कारवीच्या कुडाच्या भिंतीवर शेण, माती आणि गेरू. लग्नात वारल्यांच्या घरी त्यावर तांदळाच्या पिठाने पांढरा चौक लिहिला जातो. हिरवा घरात कुठेच नाही, कारण दार उघडलं की तो समोर होता. आता दार उघडलं की काय दिसतं, हा प्रश्न रंगाच्या दुकानात सुटणारा नाही.

आमच्या छोट्या घरात आम्ही एक केलं आहे. वुजूचं पाणी. पाच वक्तांचं, पाच-सहा माणसांचं पाणी रोज गटारात जात होतं. मागच्या वर्षी नळाखालच्या मोरीला पाइप जोडून ते मागच्या अंगणात सोडलं. तिथे कढीपत्ता, गवती चहा, एक पेरू आणि मुलाने आणलेला मनीप्लँट आहे. वुजूला साबण लागत नाही, त्यामुळे झाडांना अपाय नाही. रमजानमध्ये घरात नमाजी वाढतात, तरावीहच्या आधी दोन पाहुणे असतातच, त्यामुळे पेरूची चंगळ असते. टँकरच्या दिवसांत तेवढा एक कोपरा हिरवा राहतो. झाड लावणाऱ्याच्या झाडाचं फळ माणसाने किंवा पाखराने खाल्लं तरी तो त्याच्या नावावर सदका लिहिला जातो, हे प्रेषितांचं (स.) सांगणं आपण जकातीच्या हिशेबाच्या महिन्यात आठवावं. मशिदीत तर शंभर माणसांचं वुजू होतं. तिथल्या पाण्याचं काय करता येईल, हे मी जमातीपुढे दोनदा मांडलं. दोन्ही वेळा चर्चा खिडक्यांना हिरव्या ट्यूब किती लावायच्या यावर गेली. ईदनंतर पुन्हा मांडणार आहे.

तर रंगाऱ्याला मी काय सांगितलं? बाहेरून पांढरट. मुलगा खूश झाला, त्याला वाटलं मी त्याचं ऐकलं. खरं कारण त्याहून साधं आहे. कसाऱ्याच्या पावसात बाहेरच्या भिंतीला ऑगस्टपर्यंत शेवाळ चढतंच. अल्लाह जो रंग दरवर्षी फुकट देतो त्याचे पैसे मी का द्यावेत? आतल्या खोल्याही पांढरट. मात्र बाहेरच्या खोलीत, जिथे दस्तरख्वान अंथरतो आणि जिथे शेजारपाजारचे लोक शीरखुर्म्याला येऊन बसतात, तिथली खिडकीसमोरची एक भिंत पिस्ता. मुलगा गप्प झाला. मग म्हणाला, “ती खिडकीतून रस्त्यावरून दिसते, अब्बा.” मी म्हटलं, दिसू दे. तो म्हणाला, तुम्ही इथे राहता, तुमचं ठीक आहे. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि अजून नाही. मी या गावात चाळीस वर्षं ‘सर’ आहे. माझ्या भिंतीचा रंग माझ्या नावाआधी कोणी वाचत नाही. त्याचं तसं नाही.

रविवारी संध्याकाळच्या लोकलने तो ठाण्याला गेला. सोमवारी त्या भिंतीवर पहिला हात बसला. दुपारी वहिनी डब्यात पुरणपोळ्या घेऊन आल्या, उंबऱ्यात थबकल्या, बराच वेळ भिंतीकडे बघत राहिल्या. “हाच,” म्हणाल्या, “हाच मला हवा होता.” मग रंगाऱ्याला विचारलं, याचा नंबर काय रे? त्याने कार्डाच्या कोपऱ्यावर नंबर लिहून तो तुकडा फाडून दिला. त्यांनी तो पदराच्या गाठीला बांधला. त्यांच्या धाकट्याला त्या काय सांगणार आहेत, ते मी विचारलं नाही.

दुसरा हात बाकी आहे. शनिवारी मुलगा येतोय. रंगाऱ्याला रविवारी बोलावलं आहे.